कोनाड्यातून दिसणारी चूल

समुद्रापलीकडून जहाजं यायच्या कितीतरी आधी, माया लोकांच्या एका गावात एका म्हातारीने मातीच्या एकाच गोळ्यातून दोन भाऊ घडवले. थोरला वाडगा झाला, धाकटा मडकं. वाडग्यावर तिने लाल पक्षी रंगवला आणि त्याला कोनाड्यात ठेवलं. धाकटा रोज चुलीवर मका शिजवून काळा पडे.

"तुझं बरं आहे दादा, काम ना धाम, नुसतं मिरवायचं," तो धुमसत म्हणे. "एकदाचा फूट, म्हणजे कोनाडा माझा."

"घे की," थोरला हसे. "आधी तोंड धू."

मग म्हातारी वारली. तिथली रीत अशी, की मेलेल्याच्या तोंडावर वाडगा पालथा घालायचा आणि जीवाला वाट मिळावी म्हणून त्याच्या बुडाला भोक पाडायचं. तिच्या लेकीने, निक्तेने, थोरल्याच्या बुडावर दगड हाणला आणि त्याला आईबरोबर घराच्याच जमिनीत पुरलं.

"आईच्या हातचा आता तूच उरलास," म्हणत तिने धाकट्याला घासून कोनाड्यात ठेवलं.

धाकट्याने ऐटीत समोर पाहिलं. तिथून फक्त चूल दिसत होती. दादाला इतकी वर्षं तेवढंच दिसत होतं, चूल आणि तिच्यावर बसलेला धाकटा.