तुलेचा गूळ

“पण पोर बरी झाली, हे तुला सांगितलं कुणी?” दर्ग्याच्या गफूरबाबांनी विचारलं.

“कुणी कशाला सांगायला पाहिजे, बाबा? दिसतंय की.”

ज्योत्स्ना ताठ उभी होती. दर्ग्याच्या ओट्याजवळ मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात तिची मुलगी प्रांजल, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. पोरीला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. कधी सुई जास्त व्हायची, कधी जेवण कमी पडायचं, मग साखर एकदम उतरायची. पोर थरथरायची, घामानं भिजायची, खायला मागत रडायची. ही थरथर थांबली तर पोरीची गूळतुला करीन, तिच्या वजनाइतका गूळ दर्ग्याला वाहीन, असा ज्योत्स्नानं नवस केला होता.

“दिवाळीपासून एकदासुद्धा थरथरली नाही,” ती म्हणाली. “रडणं नाही, मागणं नाही. आधी माझी नणंद म्हणायची, काय हावरी पोर गं तुझी! मग मीच वळण लावलं. वेळेशिवाय घास नाही. आता बघा, कशी शहाण्यासारखी बसलीय.”

बाबांनी पोरीकडं निरखून बघितलं.

“बेटा, आज कुठं आलीस तू?”

प्रांजल नुसती बघत राहिली… मग हळूच म्हणाली, “शाळेत.”

ज्योत्स्ना हसली. “लाजतेय ती.”

बाबा उठले. पारड्यातल्या ढेपीचा एक खडा फोडून त्यांनी पोरीच्या तोंडात घातला.

“चाव. गिळ.”

मग दुसरा. मग तिसरा.

“अहो बाबा! तुलेचा गूळ तो! वजन व्हायच्या आधीच… नवस मोडला की माझा!”

 बाबा पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं प्रांजलनं डोळे चोळले. इकडंतिकडं बघितलं.

“आई… आपण दर्ग्यात कधी आलो?”

ज्योत्स्नाच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा, हिची साखर उतरली होती? मग ही थरथरली कशी नाही?”

“मी पण हिच्यासारखा रोजचा सुईवालाच आहे,” बाबा म्हणाले. “एकदा असाच गप पडलो होतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूत काही पेशी असतात, रक्तातली साखर सारखी चाखत बसलेल्या. मेंदूजवळ साखरेचा स्वतःचा साठा असा नसतोच. म्हणून साखर उतरली की त्या ओरडतात. थरथर, घाम, भूक, चिडचिड… ते त्यांचंच ओरडणं.”

“मग आता का नाही ओरडत?”

“साखर पुन्हा पुन्हा उतरत राहिली की त्यांना त्याची सवय होते. त्या गप बसतात. साखर उतरायची काही थांबत नाही.”

“आणि मी सगळ्या गल्लीत सांगत फिरले, पोर बरी झाली म्हणून…” ज्योत्स्ना म्हणाली.

“बोट टोचून बघतेस का रोज?”

“…बंद केलं. बरी झाली असं वाटलं.”

“आणि पोर खायला मागायची, तेव्हा काय म्हणायचीस?”



उत्तर प्रांजलनं दिलं. “आई म्हणायची, जरा लाज वाटू दे.”

ज्योत्स्नानं पदर तोंडाला लावला. पोरीकडं बघायचं तिच्यानं होईना.

“बाबा… त्या पेशी परत ओरडतील का?”

“काही आठवडे साखर खाली जाऊ दिली नाहीस, तर बहुतेक ओरडतील. आधी इथूनच डॉक्टरांकडं जा. सुई किती, खाणं किती, ते ठरवतील. आणि हा गूळ बरोबर ने, साखर उतरली की लगेच भरवायला.”

“तुलेचा गूळ कुणी माघारी नेतं का, बाबा? सगळे बघतील. नणंद तर म्हणेलच, पोर हावरी ती हावरीच…”

प्रांजलनं गुळाकडं हात नेला, आणि आईकडं बघून तसाच थांबवला.

“म्हणेल,” बाबा म्हणाले. “तू ‘हो’ म्हण, आणि पोरीला मागू दे.”