हौसाच्या खड्ड्यातली आग

फार जुनी गोष्ट आहे, डोंगराआड एक लहानसं राज्य नांदत होतं तेव्हाची. तिथल्या एका गावात हौसा नावाची बाई मोहाची दारू गाळायची. भट्टी लहान, पण कटकटी मोठ्या.

दारू गाळून झाली की मोहफुलांचा आंबूस चोथा उरायचा. तो ती भट्टीमागच्या खड्ड्यात ओतायची. खड्डा सतत बुडबुडत राही आणि गावभर घाण वास सुटे. त्यात भट्टीला रोज मोळीभर लाकूड लागे. जवळचं रान तोडून संपलं होतं, आता दुसऱ्या डोंगरापर्यंत पायपीट.

शेवटी पाटलांनी बजावलं, "हौसाबाई, आठ दिवसांत वास थांबला नाही तर भट्टी बंद!"

"वास थांबवू की लाकडं आणू? मला काय चार हात आहेत?" हौसा करवादली.

त्या दिवशी लाकडंही ओली निघाली. फुंकून फुंकून तिचे डोळे चुरचुरले. "जा मर एकदाचं!" म्हणत तिने अर्धवट पेटलेलं लाकूड खड्ड्यात भिरकावलं.

भप्पकन् निळी ज्योत उठली!

हौसा दचकून मागे सरली, मग हळूच वाकून बघू लागली. बुडबुडे फुटत होते, तिथेच ज्योत नाचत होती.

ती तडक म्हाताऱ्या कुंभाराकडे गेली. वासाच्या नावाने सगळ्यात जास्त ओरडणारा तोच.

"आजोबा, खड्ड्याच्या तोंडावर पालथा बसेल एवढा रांजण हवा. वर भट्टीखालपर्यंत जाणारी मातीची नळी."

"त्या घाणीवर माझा रांजण?"

"वास कोंडला जाईल की नाही? मग!"

म्हातारा पुटपुटत उठला.

पहिला रांजण तडकला. दुसऱ्याच्या कडेतून वास निसटला. दोघं एकमेकांवर खेकसायची आणि सकाळी पुन्हा चिखल मळायला बसायची. आठव्या दिवशी नळी भट्टीखाली पोचली. हौसाने तिच्या तोंडाशी पेटती काटकी धरली. ज्योत लागली आणि भट्टी तापली.

पाटील आले, नाक वर करून हुंगत राहिले. वास नव्हता. भट्टी राहिली, मोळ्या निम्म्यावर आल्या. महिन्याभरात पाटलीणबाईंचा निरोप आला, "आम्हीही परसात खड्डा खणून वर रांजण बसवलाय. चुलीसाठी थोडा चोथा द्या."

हौसाने कपाळावर हात मारला. "इतके दिवस शिव्या घालत होतात ना!" पण घमेलं भरून दिलं.

तात्पर्य : नाक मुरडून टाकलेल्या वस्तूकडे जो पुन्हा नीट पाहतो, त्यालाच तिचा उपयोग सापडतो.