ऐनाच्या खोडावरचा सहावा नियम

मुलांनो, ओढा जिथे वळण घेतो आणि करवंदाच्या जाळ्या जिथे दाट होतात, तिथल्या एका जंगलात एक कोल्हीण राहत असे. ती हुशार होती, कामसू होती आणि वेळेची पक्की होती. तिच्यात खोट एकच. दुसऱ्याचे कौतुक कानावर आले, की तिच्या पोटात दुखू लागे.

त्या जंगलात पिल्लांचे एक पथक होते. माग कसा काढावा, वेलीला गाठ कशी मारावी, वाऱ्याचा वास कसा ओळखावा, हे सारे पिल्लांना तिथे शिकवत. पथक चालवायला पालकांची आणि हौशी प्राण्यांची एक समिती होती, आणि समितीचे नियम एका जुन्या ऐनाच्या खोडावर नखांनी कोरलेले होते. पथकाच्या दिवशी कोणी कोणाला खाऊ नये, हा पहिला नियम. तो पहिल्या क्रमांकावर असावा म्हणून सशीण हटून बसली होती. दुसरा असा, की फेरीला निघताना एका मोठ्याने पुढे चालावे आणि एकाने मागे. जो समितीत काम करील त्याला एक मत, मग त्याला पिल्लू असो वा नसो, असा तिसरा. दुधाचा शेवटचा दात पडला की पिल्लू मोठे झाले आणि पथकातून सुटले, हा चौथा. (पाखरांच्या पिल्लांना दात नसतात, त्यांचे पिसांवरून ठरवत.) आणि पाचवा नियम सर्वांत कंटाळवाणा होता. कोणताही नियम घालायचा किंवा काढायचा, तर एका सभेत तो वाचायचा आणि मत पुढच्या सभेत घ्यायचे. सभा महिन्यातून एकदाच भरे, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अध्यक्ष होते कासवआजोबा. त्यांनी फक्त मते मोजायची, स्वतः द्यायचे नाही. त्यांचा वेग पाहता तेवढेही पुष्कळ होते.

फेरीला कोल्हीण पुढे चालायची आणि मागे चालायची साळू, म्हणजे साळिंदर. या साळूला स्वतःचे पिल्लू नव्हते. ती आपली हौसेने यायची. तिच्या शेपटीला पोकळ काटे होते आणि चालताना ते खुळखुळ वाजत. पिल्लांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की मागून खुळखुळ येते आहे तोवर सगळे ठीक आहे असे ती समजत. एखादे पिल्लू रेंगाळले तर साळू तिथेच थांबून जोरजोराने काटे वाजवी, आणि अगदी पुढची कोल्हीणही थांबे. कोल्हिणीचे पिल्लू तर फारच रेंगाळणारे. वाटेत मुंग्यांचे बीळ दिसले की ते बसलेच. खुळखुळ अगदी जवळ आली की मग उठायचे, असा त्याचा हिशेब होता.

एके दिवशी त्याच्या पंज्यात काटा मोडला. कोल्हीण पुढून धावत आली. पिल्लू लंगडत तिच्या बाजूने गेले आणि मागे साळूसमोर जाऊन बसले.

"अरे, मला दाखव ना," कोल्हीण म्हणाली.

"तू ओरडशील," पिल्लू म्हणाले. "साळूमावशीला दाखवतो."

साळूने काटा काढला, पंजा चाटून दिला आणि पिल्लू उड्या मारत निघून गेले. गोष्ट एवढीशीच. पण कोल्हिणीला दिवसभर अन्न गोड लागले नाही. त्यातच तिला दिसले, की साळूचा गळून पडलेला एक काळा-पांढरा काटा पिल्लाने गुहेत आणला आहे आणि उशाशी ठेवला आहे. पिल्लू बाहेर खेळायला गेल्यावर तिने तो उचलला आणि गुहेमागच्या मातीत खोल पुरून टाकला. पिल्लाने सारी गुहा धुंडाळली. ती म्हणाली, "मला काय ठाऊक?"

त्या दिवसापासून ती नुसती साळूकडे पाहत राही. सशाची पोरे साळूमावशी म्हणतात, हरिणीचे पाडस साळूमावशी म्हणते, आणि मी? मी मेली कोल्हीणबाई. गाठी मी शिकवायच्या, वाटा मी शोधायच्या आणि लाड हिने करून घ्यायचे. ना हिचे पोर, ना बाळ, हिचा इथे संबंधच काय, असे तिला वाटू लागले. आणि जे वाटले ते तिने नियमाच्या रूपात मांडले.

पुढच्या सभेत तिने सहावा नियम वाचून दाखवला. 'ज्याचे स्वतःचे पिल्लू पथकात नाही, त्याला समितीत जागा नाही, मत नाही आणि पथकाच्या फेरीत पाऊल टाकायला परवानगी नाही.'

"यात कोणाबद्दल आकस नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "पण पोटच्या पोराची काळजी परक्याला कशी असणार? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

महिन्याने मत घेण्याची वेळ आली. समितीतल्या मुंगसाला खोडावर नवे काही कोरले की आनंद होई, त्याने लगेच शेपटी वर केली. हरिणीने मान हलवून सरळ नकार दिला. उरली सशीण. तिचे मन साळूकडे होते. पण कोल्हीण तिच्या शेजारीच बसली होती आणि तिच्याकडे बघून हसत होती. कोल्हिणीचे सगळे दात दिसावेत असे ते हसू होते. सशिणीने डोळे मिटून कान वर केला.

"साळूबाई, तुमचं मत?" कासवआजोबांनी विचारले. "अजून तरी तुम्हाला ते आहे."

"माझ्याबद्दलच्या नियमाला मी मत देणं बरं दिसत नाही," साळू म्हणाली. "पोरांना सांभाळा. ओढ्याजवळ ती फार रेंगाळतात." आणि ती खुळखुळत निघून गेली. तिला किती वाईट वाटले असेल ते तुम्ही ओळखालच. मला तरी त्या मुंगसाचा फार राग येतो.

त्यानंतरच्या फेरीला मागे चालायला सशिणीला नेमले. सशीण हलक्या पायांची, तिचा कसला आवाज येणार? ओढ्याच्या वळणावर कोल्हिणीचे पिल्लू नेहमीप्रमाणे एका खेकड्याच्या बिळाशी बसले. सशिणीने ते पाहिले. 'चल रे' असे म्हणावे असे तिच्या मनातही आले. पण कोल्ह्याच्या पोराशी एकटीने थांबायचे, त्याला रागवायचे, हे काही तिच्या जिवाला झेपेना. पहिला नियम तिला पाठ होता. पण त्या पोराला तो पाठ आहे की नाही, कोण जाणे. येईल आपला मागून, असे म्हणून तिने दोन उड्यांत पुढची पिल्ले गाठली.

पिल्लू मात्र निवांत होते. खुळखुळ आली नव्हती, म्हणजे उशीर झालेला नव्हता.

टेकडीच्या माथ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली फेरी संपत असे. तिथे पोचल्यावर कोल्हिणीने पिल्ले मोजली. एक कमी भरले. तिने पुन्हा मोजले. कमी होते ते तिचेच पिल्लू. दिवस कलू लागला होता. त्या ओढ्यावर सांजेला बिबट्या पाण्याला येई, आणि बिबट्या काही समितीचा सभासद नव्हता.

कोल्हीण उलट्या पावली धावली. काठावर उभी राहून तिने पिल्लाला हाका मारल्या. आधी हाका, मग दटावणी, मग नुसता आरडाओरडा. आता ऐका गंमत. पिल्लू तिथून वीस पावलांवरच होते. आईचा तो आवाज ऐकला आणि त्याला वाटले, आज आपले काही खरे नाही. ते करवंदाच्या जाळीत शिरले, आणखी आत शिरले आणि अंग चोरून, श्वास रोखून बसले. कोल्हीण जितकी ओरडे, तितके ते आत सरके.

तरी उत्तर काही येईना. आणि मग तिने ते केले, जे करायला तिला जीव देण्याइतके जड जात होते. ती साळूच्या बिळाशी गेली.

"साळूबाई, माझं पोर ओढ्यावर राहिलंय. हाकेला ओ देत नाही." मग ती खाली बघत म्हणाली, "त्या नियमाचं... मी तो खोडून टाकीन. आत्ता खोडते."

"तो तुम्हाला एकटीला खोडता येत नाही," साळू बिळातून बाहेर येत म्हणाली. "दोन सभा लागतात. पण माथ्यावर पोचून मोजणी झाली ना? मग फेरी संपली. आता हे पथक नाही, हे एक चुकलेलं पोर आहे. चला. आणि तोंडातून आवाज काढू नका."

साळू ओढ्याच्या काठाने नेहमीच्या चालीने चालू लागली. खुळखुळ, खुळखुळ. ना हाक, ना दटावणी. वळणापाशी जाळी हलली, पाने अंगाला चिकटलेले पिल्लू बाहेर आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मावशी, किती उशीर केलास. मी केव्हाचा थांबलोय."

ते धावत साळूकडेच गेले. खरे सांगायचे तर त्या क्षणीसुद्धा कोल्हिणीच्या पोटात दुखले. मग पिल्लाने तिला पाहिले, ते साळूच्या आडोशाला सरकले आणि हळूच विचारले, "मावशी, आई ओरडेल का?"

"तिलाच विचार," साळू म्हणाली.

पिल्लाने विचारले नाही, नुसते पाहिले. कोल्हीण ओरडली नाही. ती पिल्लाशेजारी बसली आणि त्याच्या अंगावरची पाने एकेक करून काढू लागली. नंतर तिघे बिबट्याच्या वेळेआधी वर आले.

पुढच्या सभेत कोल्हिणीने स्वतः उठून सहावा नियम काढून टाकण्याचा ठराव वाचला. पाचव्या नियमाप्रमाणे मत महिन्यानंतर व्हायचे होते. तो महिनाभर तिचे पिल्लू जिभेने एक दात हलवत बसलेले असे. पौर्णिमेच्या दिवशी तो पडला. पिल्लू तो तोंडात धरून आईला दाखवायला धावत आले. या वेळी ते आधी तिच्याकडे आले, आणि ती इतकी हरखली, की त्या दाताचा अर्थ तिच्या लक्षातच आला नाही.

तो कासवआजोबांच्या लक्षात आला. सकाळी सभेत कोल्हीण आपल्या जागी बसू लागली, तेव्हा ते सावकाश म्हणाले, "कोल्हीणबाई, पिल्लू सुटलं म्हणे पथकातून. अभिनंदन. पण मग सहाव्या नियमाने आज तुम्हाला मत नाही. आत बसताही येणार नाही."

"पण तो नियम काढायलाच तर मी आले आहे," कोल्हीण म्हणाली.

"निघेपर्यंत तो आहे," कासवआजोबा म्हणाले.

कोल्हीण उठली. ऐनाच्या सावलीबाहेर एक धोंडा होता. मागच्या सभेसारखीच आजही साळू तिथे येऊन बसली होती आणि दुरून ऐकत होती. त्या उन्हात तापलेल्या धोंड्यावर साळूने काटे आवरून थोडी जागा केली. कोल्हीण तिच्या शेजारी बसली आणि तिला पहिल्यांदाच कळले, की इथून सभेतले निम्मे शब्द ऐकूच येत नाहीत.

मते झाली. हरिणीने नियम काढा म्हणून सांगितले. मुंगूस म्हणाला, एकदा कोरलेले खोडू नये, खोड विद्रूप होते. पुन्हा सगळे सशिणीवर आले. या वेळी तिच्या शेजारी कोणी बसलेले नव्हते आणि तिच्याकडे बघून कोणी हसतही नव्हते.

"आजोबा, एक विचारते," सशीण म्हणाली. "नियम काढला तर साळूमावशी आत येणार?"

"येणार."

"आणि कोल्हीणबाई?"

"त्याही येणार. तिसरा नियम दोघींना सारखाच आहे."

सशिणीच्या मनात हिशेब सुरू झाला. कान वर केला नाही, की कोल्हीण कायमची बाहेर. पुन्हा ते दात शेजारी नाहीत, ते हसू नाही. तिने धोंड्याकडे पाहिले. कोल्हीण मान खाली घालून बसली होती. तिने डोळ्यांनी विनवले नाही आणि धमकावलेही नाही.

"माझ्या मनात काय आलं ते मला कळलं," सशीण म्हणाली. "त्या दिवशी कोल्हीणबाईंच्या मनात आलं होतं तेच. एकीला बाहेर ठेवण्यासाठी नियम राखायचा. ते मला नको." आणि डोळे उघडे ठेवून तिने कान वर केला. मग घाईघाईने म्हणाली, "पहिला नियम मात्र आहे तसाच राहू दे."

साळू आत गेली. तिच्या मागून कोल्हीण आत गेली आणि सशिणीपासून थोडे अंतर ठेवून बसली. कासवआजोबांनी सहावा नियम खरवडायला सुरुवात केली. ते काम संपायला सूर्य डोक्यावर आला.

घरी परतल्यावर कोल्हिणीने गुहेमागची माती उकरली. काळा-पांढरा काटा होता तिथेच होता. तो उचलताना पोटात थोडे दुखलेच. असली दुखणी एका सभेत बरी होत नाहीत. पण तिने तो पुसून स्वच्छ केला आणि पिल्लाच्या उशाशी, जिथून उचलला होता तिथेच, परत ठेवला.

तात्पर्य : मत्सराने दुसऱ्यासाठी बंद केलेल्या दाराबाहेर एक दिवस आपल्यालाच उभे राहावे लागते, म्हणून नियम करताना तो आपल्यालाही लागू होणार आहे, असे समजूनच करावा.