घुशीच्या वासाने फोडलेली भिंत

एकदा एक वृद्ध त्वचाचिकित्सक होते. त्यांच्या शिष्याने मला ही हकिगत सांगितली, त्याला फार काळ लोटला. त्यातल्या दोन गोष्टींचा क्रम मला आता खात्रीने आठवत नाही, आणि त्या क्रमावर बरेच काही अवलंबून आहे. तरी आठवते तशी सांगतो.

त्यांच्याकडे धान्याचे एक व्यापारी आले. घसा धरला म्हणून त्यांनी घरात पडलेल्या कुठल्याशा गोळ्या घेतल्या होत्या. काही दिवसांतच दोन्ही पायांवर मसुराएवढे जांभळट-लाल डाग उठले. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला वडिलांसोबत यावेच लागले, कारण त्यांची भीती तिला पाहवेना.

“बारसं झालं, पण अण्णांनी नातीला हात लावला नाही,” तान्ह्या बाळाला घेऊन दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. “जकात नाक्यावरून माल बघावा तसं लांबूनच बघतात.”

“तू तिथंच थांब,” व्यापारी म्हणाले. “हे लागट असलं तर? डॉक्टरसाहेब, ताकद वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घेतोय, तरी डाग वाढतातच.”

आधीच्या भेटीत डागातला त्वचेचा तुकडा आणि लघवी तपासणीसाठी घेतली होती; तो तुकडा शिष्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “सर, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत पांढऱ्या पेशींची गर्दी आहे. जंतू असणारच. बाळाला लांबच ठेवावं.”

वृद्धांनी एका डागावर काच दाबली. डागाचा रंग हटला नाही. मग ते उठले, मुलीच्या हातातून बाळ घेतले आणि सरळ व्यापाऱ्यांच्या मांडीवर ठेवले.

व्यापाऱ्यांचे हात वरच्या वर थिजले. शिष्य म्हणाला, “सर…”

“गर्दीत जंतू पाहिलास?”

“नाही. पण एवढ्या पेशी उगाच जमतील?”

वृद्ध व्यापाऱ्यांकडे वळले. “शेठ, गोदामाच्या भिंतीत घुशीचा वास आला तर गडी काय करतात?”

“पहारी घेतात. मागच्या साली घूस केव्हाच निघून गेली होती, पण गड्यांनी भिंतीलाच भगदाड पाडलं. ज्वारी रस्त्यावर आली.”

“मग तुम्ही आणखी गडी बोलावले?”

“कशाला? होते त्यांच्याही पहारी काढून घेतल्या. भिंत आमचीच होती की.”

“तुमच्या पायांत तेच झाले आहे,” वृद्ध म्हणाले. “शरीराने त्या गोळ्यांना शत्रू मानले. त्यांच्याविरुद्ध घडवलेले पदार्थ बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटले. हा झाला वास. पांढऱ्या पेशी धावल्या, फुटल्या, आणि जंतूंसाठी बाळगलेली त्यांची तीव्र द्रव्ये त्याच भिंतींवर सांडली. रक्त झिरपून त्वचेत आले, म्हणून काच दाबूनही रंग हटत नाही. रक्षकांची गर्दी दिसली म्हणजे शत्रू तिथे आहेच, असे नव्हे. अशा वेळी रक्षकांचे बळ वाढवू नये. ते ज्याच्यामुळे धावले, ते दूर करावे. गोळ्या बंद, काढाही बंद. पाय उशीवर ठेवून विश्रांती घ्या. अशाच भिंती मूत्रपिंडातही असतात, म्हणून लघवी पुन्हा पुन्हा तपासू. आज ती स्वच्छ आहे. आणि हे लागट नाही.”

व्यापाऱ्यांचे हात हळूहळू खाली आले.

“अण्णा, मानेखाली हात धरा,” मुलगी म्हणाली. “पोतं नाही ते.”

ते हसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नातीकडे जवळून पाहिले. ती झोपेतच होती. पुढे डाग तपकिरी झाले आणि विरले; लघवी स्वच्छच राहिली.

मला मात्र एक शंका टोचत राहिली. तपासण्यांचे निकाल वृद्धांनी बाळ उचलण्यापूर्वी पाहिले होते, की नंतर? नंतर पाहिले असतील, तर ते नुसते धाडस होते, आणि अशी गोष्ट लोकांना सांगू नये.

पुष्कळ वर्षांनी तो शिष्य भेटला. आता तोही वृद्ध झाला होता. मी विचारले. त्याने सांगितले, की लघवीचा अहवाल वृद्धांनी सकाळीच वाचला होता. आणि शिष्य यायच्या आधी स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी बसून, त्या गर्दीत जंतू बराच वेळ शोधला होता. तो सापडला नव्हता. बाळ त्यांनी त्यानंतर उचलले.