हातपंपावरचा दिवा

“सही करायला आपल्याला हरकत कोणती, बाई?”

उन्मेष सबनीसने तिसऱ्यांदा विचारले. टेकडीवरील वेधशाळेत तो चार वर्षे भानुमतीबाईंच्या हाताखाली आकाशाचे फोटो काढायला शिकत होता. त्याने आणलेला अर्ज तहसीलदारांच्या नावे होता. टेकडीखालच्या कातकरवाडीतील हातपंपावरचा दिवा कायमचा बंद करावा, अशी त्यात विनंती होती.

बाईंनी चष्मा काढला.

“त्या पंपावर वाडीतली सोनी हिलम अंधारात फुरसं साप चावून मेली. दिवा त्यानंतर आला. ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. बॅटरी घेऊन जावं त्यांनी. सप्तर्षींतली एक दीर्घिका टिपायला मी नऊ रात्री थंडीत बसलो. तिच्याभोवती काय आलंय ते पाहा. राखाडी पडदा. त्यांच्या एका दिव्यापायी...”

“ओरडू नकोस. मी बहिरी नाही.”

त्याने दोन मोठे फोटो टेबलावर आपटले.

“नऊ रात्रींचे दहा वाजताचे फोटो एकत्र करून हा केला. पहाटे चारचे एकत्र करून हा. पडदा दोन्हींत आहे. दिवा रात्रभर त्रास देतो, याला आणखी पुरावा कोणता हवा?”

“पुरावा तू चांगला आणलास.”

बाई उठल्या. दोन्ही कागद एकावर एक धरून त्यांनी उन्हाने तापलेल्या खिडकीच्या काचेवर दाबले. ताऱ्यांवर तारे बसवले.

“आता पडदा बघ.”

पडद्याची चुणीसुद्धा चुणीवर बसली होती.

“दहापासून चारपर्यंत सप्तर्षी केवढे फिरले. दिवा फिरला?”

“नाही.”

“मग हा उजेड ताऱ्यांना धरून कसा फिरला? हातपंपावरचा दिवा सप्तर्षींबरोबर चालतो का रे, दीडशहाण्या?”

उन्मेष काचेजवळ गेला. पडद्याच्या कडेवरून त्याने बोट फिरवले.

“ही... धूळ आहे? आपल्याच आकाशगंगेतली?”

“तिच्याच ताऱ्यांच्या उजेडात दिसणारी. बावीस वर्षं मी तिच्यामागे आहे. मला एकदाही अशी सापडली नाही.”

त्याचा चेहरा खुलला.

“म्हणजे मी ती टिपली. बाई, मग सही या फोटोवर करा. प्रदर्शनाला पाठवतो. तो अर्ज राहू दे, फाडून टाकतो मी.”

त्याने अर्ज उचललाही.

बाईंनी तो त्याच्या हातातून हिसकून घेतला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, तळहाताने सपाट केला आणि शेजारी पेन ठेवले.

“फाडायचा नाही. कातकरवाडीचं नाव खोड, तिथं आकाशगंगेचं घाल, आणि तुझ्या सहीनं पाठव.”