रंगीत दोराचा सांधा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ‘उस्तादकाम’ हा शब्द नवाकोरा होता. आज आपण कुठल्याही देखण्या वस्तूला उस्तादकाम म्हणून मोकळे होतो. बाळांनो, तेव्हा तो शब्द ऐकून भल्याभल्यांची बोबडी वळायची.

एका उंच कड्यावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. त्यांच्या दोरांना लटकून लोक कड्यातली मधाची पोळी काढत. ज्याला उस्ताद व्हायचं, त्याने एक दोर वळायचा, गावाला दाखवायचा आणि तोच कमरेला बांधून कड्याखाली उतरायचं. त्या दोराला म्हणायचे उस्तादकाम.

रायाजी नावाच्या तरुणाने दोर वळायला घेतला. हातात कला होती, अंगात धीर नव्हता. मध्येच वाखाचे तंतू संपले. नवा वाख भिजवून कुटायचा त्याला कंटाळा आला. त्याने जुनाट दोराचा तुकडा सांधला आणि वरून रंगीत सूत गुंडाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

“असा दोर जन्मात पाहिला नाही,” गाव म्हणालं.

म्हाताऱ्या उस्तादाने दोरावरून हात फिरवला. “देखणा आहे. बांध कमरेला.”

रायाजीने कड्याखाली डोकावून पाहिलं. “काका, आज वारा फार आहे.”

“वारा रोजचाच. दोरात काही खोट आहे का?”

सगळं गाव बघत होतं. लाजेपोटी तो म्हणाला, “नाही.”

लोकांनी त्याला खाली सोडलं. पायाखाली दरी, आणि वर कड्याच्या धारेवर नेमका तो सांधा घासू लागला. एक पीळ तुटला. मग दुसरा. रायाजी भीतीने किंचाळला, “ओढा! सांधा कुजका आहे!”

म्हातारा धारेवर पालथा पडला. त्याने सांध्याच्या खाली दोर पकडला, आणि तेवढ्यात सांधा तुटला. लोक धावून येईपर्यंत रायाजीचा सगळा भार त्या दोन तळव्यांवर होता. हाडापर्यंत कातडी सोलली, पण म्हाताऱ्याने दोर सोडला नाही.

वर आल्यावर रायाजी त्याच्या पायाशी बसला.

“तुला ठाऊक होतं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“होतं, काका.”

“मग वाहवा कशाला ऐकत बसलास?”

पुढे रायाजीने साधा, बिनरंगी दोर वळला आणि त्यावर निर्धास्त उतरून आला. गावाने त्याला उस्ताद म्हटलं. पण म्हाताऱ्याच्या हातांची बोटं आखडली ती आखडलीच. त्या हातांनी पुन्हा कधी दोर वळला नाही.

बोध : ज्यावर आपला स्वतःचा जीव निर्धास्तपणे टांगता येईल, तेच उस्तादकाम.