राघूच्या पायात लेखणी नाही

फार जुन्या काळची गोष्ट, बरं का. एका राज्यात एक लहरी नदी होती. दर पावसाळ्यात ती आपली वाट बदलायची. काल जिथे खोल डोह, तिथे आज खडक डोकं वर काढायचा. तरीही नावा सुखरूप पैलतीरी जात, त्या तानूबाईमुळे.

तानूबाई गाणी रचायची. पूर ओसरला की ही बाई होडीतून सारी नदी पालथी घालायची आणि कुठे डावीकडे वळायचं, कुठे उजवीकडे, ते एका गाण्यात गुंफायची. नावांचे मालक तिच्या दारात येऊन गाणं लिहून घेत आणि बदल्यात धान्य देत. तसा कायदाच होता: जो दुसऱ्याचं गाणं लिहून घेईल, त्याने रचणाऱ्याला मोबदला द्यावा.

मग एका सौदागराने राघू आणले. काय ते राघू! एकदा ऐकलं की गाणं पाठ. एक तानूबाईच्या अंगणातल्या झाडावर बसून शिकला, त्याने बाकीच्यांना शिकवलं. बघता बघता नावेनावेवर विकत घेतलेला राघू गाऊ लागला. सौदागर गब्बर झाला आणि तानूबाईच्या दारात चिटपाखरूही फिरकेना.

ती तणतणत न्यायाधीश नागोशास्त्रींकडे गेली. शास्त्रीबुवा माणूस नेक, पण अक्षराला चिकटून बसणारे. भर दरबारात त्यांनी राघूकडून गाणं म्हणवून घेतलं, पोथी उघडली आणि 'लिहून' या शब्दावर बोट ठेवलं.

"बाई, राघूच्या पायात लेखणी दिसते का तुम्हाला? लिहिलंच नाही, तर गुन्हा कसला?"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवांना स्वतःच्या हजरजबाबीपणाचं भारी कौतुक वाटलं. तानूबाई घरी गेली, तिने होडी विकून टाकली आणि ती मजुरीला लागली.

पुढचा पावसाळा आला नि गेला. शास्त्रीबुवांच्या एकुलत्या एका लेकीचं, वेणूचं लग्न झालं. पूर ओसरल्यावर निघालेल्या पहिल्याच नावेत वऱ्हाड बसलं. शास्त्रीबुवा काठावर उभे राहून डोळे पुसत होते. नाव मध्यावर गेली आणि टोकावर बसलेला राघू गाऊ लागला, "काळा कातळ येता, वळा डावीकडे..."

शास्त्रीबुवांनी कान टवकारले. ही तर वर्षभरापूर्वी दरबारात ऐकलेलीच ओळ! आणि नदी तर तेव्हाची राहिली नव्हती. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन चाललेली तानूबाई त्यांना दिसली. धोतर सावरत ते तिच्याकडे धावले.

"तानूबाई, लवकर सांगा. डावीकडे की उजवीकडे?"

तानूबाईने भारा खाली टाकला.

"मला कसं ठाऊक असणार, शास्त्रीबुवा? यंदा मी नदी पाहिलीच नाही. पोटासाठी गवत कापत होते."

मग दोघंही जिवाच्या आकांताने ओरडू लागले, नाव थांबवा म्हणून. पण वारा उलटा होता, आणि राघू तर नावाड्याच्या कानाशीच गात होता. तानूबाईच्या गाण्याने आजवर कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे हे गाणं गेल्या वर्षीचं आहे हे त्याच्या ध्यानीही आलं नाही. नावाड्याने नाव डावीकडे घेतली. कर्रकन आवाज झाला आणि ती आडवी झाली.

काठावरच्या कोळ्यांनी उड्या घेतल्या. वेणू वाचली, जावई वाचला, वऱ्हाडीही वाचले. म्हातारा नावाडी मात्र कोणाच्या हाती लागला नाही.

राजा खवळला. साऱ्या राघूंच्या माना मुरगळा म्हणाला. तेव्हा शास्त्रीबुवा हात जोडून पुढे आले.

"महाराज, राघूंनी गाणं गावोगाव पोचवलं, ते चांगलंच केलं. चुकलो मी. कायदा गाण्याच्या राखणीसाठी होता, मी लेखणीचीच राखण करत बसलो."

त्यांनी 'लिहून घेईल' खोडलं आणि 'कोणत्याही रीतीने घेईल' असं लिहिलं. वल्हवताना गुणगुणणाऱ्याने किंवा पोरांना शिकवणाऱ्याने काही द्यायचं नाही. पण गाण्याच्या जिवावर धंदा करणाऱ्याने रचणाऱ्याचंही पोट सांभाळायचं. सौदागर कुरकुरला, पण देऊ लागला. तानूबाई पुन्हा नदीवर गेली आणि राघू नवं गाणं शिकले.

शास्त्रीबुवा मात्र त्या नावाड्याच्या बायकोसमोर जाऊन बसत. तिला काय सांगावं, ते त्यांना कुठल्याच पोथीत सापडलं नाही.

एवढं ध्यानात ठेवा: निर्मात्याच्या कष्टाचं मोल बुडवलं, तर त्याच्या निर्मितीवर विसंबणाराही बुडतो.